बेडरूममध्ये हीटरसाठी पॉवर पॉइंट काढून घेतला, त्या इलेक्ट्रिकच्या दुकानाबद्दल

ज्यांना एवढं सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. नाशिकरोड, जेलरोड भागात कुणाचं घर जुन्या बिल्डिंगमध्ये असेल आणि नवीन पॉइंट काढायचा असेल तर ह्या दुकानातल्या वायरमनला बोलवा, कारण हा माणूस बघितल्या बघितल्या "होऊन जाईल ताई" म्हणत नाही, आधी बोर्ड उघडतो.

काम काय होतं तर आई आता आमच्याकडेच असते, वय झालंय, गुडघे धरतात, आणि नाशिकची थंडी माहितीच आहे, निफाडला पारा खाली गेला की इकडेही रात्री हुडहुडी भरते. म्हणून तेलाचा रूम हीटर घेतला, २००० वॉटचा. त्याला जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग. आणि आईच्या खोलीत होता फक्त लाइट-पंख्याच्या बोर्डावरचा एक जुना ५ अँपिअरचा सॉकेट. बिल्डिंग १९९४ ची, तेव्हा बिल्डरने पॉवर पॉइंट दिले ते किचनमध्ये एक आणि बाथरूममध्ये गिझरला एक, बास.

आधी जवळच्याच एका वायरमनला विचारलं होतं. तो दारातूनच म्हणाला की ह्याच बोर्डातून फेज न्यूट्रल (करंट आणणारी आणि परत नेणारी वायर) घेतो, शेजारी १६ चा सॉकेट बसवतो, अर्ध्या तासाचं काम, तीनशे रुपये द्या. हीटरच्या पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय की १६ अँपिअरचा अर्थिंगवाला सॉकेट हवा, मग लाइटच्या वायरीवर नुसता मोठा सॉकेट बसवून तो १६ चा कसा काय होतो हे मला काही पटेना. मिस्टर म्हणाले सगळेच तसं करतात. सगळेच करतात हे खरंय, आमच्या बिल्डिंगमध्येच चार घरं दाखवीन. पण आईच्या खोलीत रात्रभर चालणारी वस्तू आहे, म्हणून ह्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे तसं छोटंच आहे, पुढे बल्ब, वायरची बंडलं, पंखे टांगलेले, आणि मालक काउंटरला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की हीटर किती वॉटचा, दुसरा की डीबीत (जिथून घरभर लाइनी जातात ती पेटी) एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारे स्विच) किती अँपिअरचे आहेत. मला दुसरं सांगता आलं नाही तर म्हणाले फोटो काढून पाठवा, मग माणूस पाठवतो. मी फोटो पाठवला आणि अर्ध्या तासात फोन आला, "ताई, लाइटवर २० चा एमसीबी दिसतोय, तो आधी बघायला लागेल, हीटर नंतर." म्हणजे काम घ्यायच्या आधीच घरातला धोका फोटोवरून ओळखला. इथेच मला विश्वास बसला.

आता हे २० चं प्रकरण नीट सांगते, कारण माझ्या मते अर्ध्याअधिक घरांत हेच असेल. वायरमन दादा आले (आयटीआय वीजतंत्री पास, तारतंत्रीचा परवाना आहे, मी विचारलं तर पाकिटातून काढून दाखवला, वाईट वाटून घेतलं नाही). ते बेडरूममध्ये गेलेच नाहीत, सरळ डीबीपाशी. लाइटच्या सर्किटवर कधीकाळी ६ चा एमसीबी असणार, तो कुणीतरी इस्त्री लावली की पडतो म्हणून काढून २० चा टाकलेला. घर आम्ही सेकंडहँड घेतलंय, त्यामुळे कुणी आणि कधी ते कळायला मार्ग नाही. दादा मला म्हणाले, "ताई, एमसीबी तुमच्या इस्त्रीला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो." मग वायर दाखवली, १ स्क्वेअर एमएम (हे वायरच्या जाडीचं माप), तांब्याची. ती पाइपमधून गेलेली असली की साधारण ११-१२ अँपिअरच्या पुढे नेऊ नये. आणि २० चा एमसीबी काय करतो, तर २२ अँपिअर गेले तरी पहिला तासभर तो हलणारसुद्धा नाही, तो बनवतानाच तसा बनवलेला असतो, कंपनी कुठलीही असो. म्हणजे वायर भिंतीच्या आत तापून मऊ होईल, तिचं पीव्हीसी ७० डिग्रीपर्यंतचंच असतं, आणि वर एमसीबी मात्र आरामात बसलेला. ह्याच्या उलट ६ चा असता तर ८.७ अँपिअरला तासाच्या आत पडलाच असता. आणि गंमत नाही, २००० ला २३० ने भागा, बरोबर ८.७ येतात. म्हणजे आमचा हीटर लाइटवर लावला असता तर ६ च्या एमसीबीने त्याला रात्री बंद पाडलं असतं, आणि मग कुणीतरी तो बदलून मोठा टाकला असता, हे चक्र असंच चालतं.

मी विचारलं की वायर ११-१२ घेते आणि हीटर ९ च्या आतच आहे, मग काय बिघडलं? प्रश्न रास्त होता आणि त्यांनी तो टाळला नाही. म्हणाले चला दाखवतो. मेन बंद केला, आणि हे महत्त्वाचं, इन्व्हर्टरसुद्धा बंद केला आणि त्याची लाइन काढली, कारण आपल्याकडे लाइट-पंखे इन्व्हर्टरवर असतात, मेन पाडला तरी लाइटच्या बोर्डात इन्व्हर्टरचे २३० येतच राहतात. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो स्वतः नीट आहे ना ते बघितलं, मग बोर्डात लावून बघितलं, मग हात घातला. (आणि इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, त्याच लाइनवर २००० वॉट लावले असते तर लाइट गेल्या गेल्या इन्व्हर्टर ओव्हरलोडने बसला असता, आईची खोली अंधारात. हे त्या तीनशेवाल्याने विचारलंसुद्धा नव्हतं.)

बोर्ड उघडला तर आतलं दृश्य असं की एका स्विचच्या स्क्रूखाली चार वायरी पिळून कोंबलेल्या, ह्याला लूपिंग म्हणतात, कारण ह्याच बोर्डातून फेज पुढे हॉलच्या बोर्डात गेलेला. त्या स्क्रूपाशी वायरचं लाल इन्सुलेशन दोन बोटं लांबीचं तपकिरी झालेलं. दादांनी ते नखाने दाबलं तर त्याचा भुगा पडला माझ्या हातावर. नुसती इस्त्री आणि कधीमधी केटल एवढ्यावर हे झालंय. "वायर मध्ये कुठे जळत नाही ताई, जळते ती जॉइंटला, जिथे स्क्रू ढिला तिथे," असं म्हणाले. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि ही उष्णता सगळी ढिल्या जागी गोळा होते. कागदावर ११ अँपिअर घेणारी वायर तीस वर्षं जुन्या सहा जॉइंटांमधून येत असेल तर तिच्यावर रात्रभर ९ अँपिअर ठेवायचे नाहीत, हा त्यांचा हिशोब. मला पूर्ण पटला.

दुसरी गोष्ट अर्थिंग. त्या जुन्या ५ च्या सॉकेटला वरचं मोठं, अर्थिंगचं भोक होतं, पण मागे वायरच नाही. मल्टिमीटर लावला तर फेज आणि त्या भोकात ४०-५० व्होल्ट असा काहीतरी आकडा दिसला, आणि मी म्हटलं बघा थोडंफार आहे. तर त्यांनी पिशवीतून होल्डरला लावलेला १०० वॉटचा बल्ब काढला, दोन वायरी बाहेर आलेला, ज्याला हे लोक टेस्ट लॅम्प म्हणतात. फेज-न्यूट्रलला लावला, लख्ख. फेज-अर्थिंगला लावला, मिट्ट. मीटरला नावापुरताही करंट लागत नाही म्हणून तो उगाच काहीतरी आकडा दाखवतो, बल्बला खरा करंट लागतो. हे मी पहिल्यांदा बघितलं आणि फार आवडलं, पण तुम्ही घरी करू नका, उघड्या वायरींचा खेळ आहे, त्यांना करू द्या. हीटरचं अंग लोखंडी, आई त्याला टेकून मोजे वाळत घालते, तिथे अर्थिंग नसणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. शिवाय त्या सॉकेटमध्ये फेज डावीकडे होता. समोरून बघताना फेज उजवीकडे हवा, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थिंग. एवढं साधंसुद्धा कुणी पाळलेलं नव्हतं.

मग त्यांनी काय केलं तर लाइटच्या सर्किटला हीटरसाठी हातच लावला नाही. डीबीपासून थेट वेगळी लाइन ओढली, २.५ स्क्वेअर एमएमच्या तीन वायरी, लाल काळी हिरवी, मध्ये एकही जॉइंट नाही, आणि तिच्यावर स्वतंत्र १६ चा एमसीबी. जुने वायरमन ह्या मापाला अजून तीन-वीस म्हणतात, दुकानाचे मालकही तसंच म्हणत होते आणि दादा स्क्वेअर एमएममध्ये, दोघांचं फोनवर बोलणं ऐकताना मजा आली. जुन्या पाइपमध्ये वायर ओढायची स्प्रिंग घालून बघितली, जागाच नव्हती. दोन पर्याय दिले, भिंतीला झिरी मारून कन्सील्ड किंवा छताखालून भिंतीवर वायर झाकणारी पट्टी. झिरी म्हणजे ग्राइंडर, धूळ, परत प्लास्टर, परत रंग, आणि आई खोलीत, म्हणून पट्टी घेतली. दिसते, नाही असं नाही, पण कडेकडेने सरळ नेलीये.

सॉकेट ६ आणि १६ दोन्हीचे प्लग घेणारा, शेजारी त्याचा १६ चाच स्विच. हे पण बघून घ्या बरं का, बरेच जण १६ च्या सॉकेटला साधा ६ चा स्विच लावून मोकळे होतात आणि मग स्विच वितळतो. लोखंडी बॉक्सलासुद्धा अर्थिंगची वायर जोडली.

आणि आता तो लाइटच्या बोर्डावरचा जुना सॉकेट, त्याचं काय? तो काढूनच टाका असं मला वाटलं होतं. त्यांनी नाही काढला. नवीन बसवला, ६ चा, जळलेली वायर कापून ताज्या टोकावर, लूपिंग वेगळ्या कनेक्टरमध्ये घेऊन, आणि त्याच पट्टीतून डीबीपासून त्याच्यासाठी वेगळी हिरवी वायर आणली. फेज-न्यूट्रल उजव्या-डाव्या बाजूला नीट घातले. म्हणाले लाइटच्या लाइनवर सॉकेट असणं चूक नाही, पण किती ओझं टाकायचं त्याला मर्यादा आहे, एका लाइट सर्किटवर लाइट, पंखे आणि ६ चे सॉकेट मिळून १० पॉइंट आणि एकूण ८०० वॉट, असा जुना नियम आहे. आमचे पॉइंट मोजले, नऊ भरले. मोबाइल, लॅपटॉप, राउटर, टेबल फॅन, आईचा नेब्युलायझर ह्या सॉकेटवर खुशाल. इस्त्री, केटल, इंडक्शन, हेअर ड्रायर नव्या पॉइंटवर. आणि डीबीतला तो २० चा एमसीबी काढून ६ चा टाकला. मिस्टर म्हणाले आता सारखा पडेल. दादा म्हणाले पडला तर मला फोन करा, मोठा टाकू नका, पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. अजून एकदाही पडलेला नाही, कारण इस्त्री आता तिथे लावतच नाही.

खरा कस लागला तो आरसीसीबी बसवताना. आमच्या डीबीत तो नव्हताच, फक्त आयसोलेटर (मेन स्विच) आणि एमसीबी. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी, एमसीबी जास्त करंट झाला की पडतो, पण माणसाला शॉक बसायला एवढुसा करंट पुरतो, त्याने एमसीबीला काही कळतच नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून सगळा परत आला का ते बघतो, ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तोडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचाच घ्या, १०० आणि ३०० चे पण मिळतात, ते आगीपासून संरक्षणाला, माणसासाठी नाहीत. तर तो बसवला, चालू केला, टेस्टचं बटण दाबून बघितलं, पडला, म्हणजे ठीक. पुन्हा चालू केला आणि हॉलचा पंखा लावला तर पुन्हा पडला. लाइट लावला, पडला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की जुन्या घरात हे चालत नाही, काढून टाकू (बहिणीकडे असंच म्हणून काढलाय). दादांनी एकेक सर्किट सोडवून शोधायला सुरुवात केली. संध्याकाळ झाली, चहा झाला, आईने "बाळा, उद्या ये रे" म्हणून बघितलं, पण गडी उठला नाही.

सापडलं गिझरच्या पॉइंटमध्ये. सॉकेट उघडला तर न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये बोटभर वायरचा तुकडा टाकून दोन्ही एकत्र केलेले. कधीकाळी अर्थिंगची वायर तुटली असणार आणि कुणीतरी ती शोधायच्या ऐवजी न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडून दिलं असणार. म्हणून पंखा-लाइट लावला की न्यूट्रलमधला थोडा करंट ह्या जोडातून गिझरच्या अंगावाटे जमिनीत जायचा आणि आरसीसीबी पडायचा. टेस्टरला, मीटरला सगळं बरोबर दिसतं. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल किंवा ढिला होईल त्या दिवशी गिझरचं पूर्ण अंग, नळ, शॉवर, सगळ्यावर २३० व्होल्ट. आणि आम्ही इतकी वर्षं त्या गिझरखाली अंघोळ करत होतो. मी खरंच बाथरूमच्या दारात उभी राहून गार पडले. त्यांनी तो तुकडा काढून माझ्या हातात दिला, अर्थिंगची वायर पाइपमध्ये पुढे शोधून काढली, जोडली, आरसीसीबी तात्पुरता वगळून टेस्ट लॅम्प लावला, लख्ख पेटला. त्यानंतर आरसीसीबी परत जोडून चालू केला, तो राहिला. हीटर लावून तासभर बसले, मग सॉकेटच्या दर्शनी भागाला, प्लगला, डीबीतल्या एमसीबीला हात लावून बघितला, कोमट सुद्धा नव्हतं. लाइन चालू करण्याआधी नवीन वायरींवर मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचा मीटर) पण लावला होता.

पैसे. आरसीसीबी सतराशे, वायर मीटरवर मोजून घेतली (पूर्ण ९० मीटरचं बंडल गळ्यात मारलं नाही), दोन एमसीबी, सॉकेट, स्विच, बॉक्स, पट्टी आणि मजुरी बाराशे, सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आसपास. तीनशे कुठे आणि साडेपाच हजार कुठे असं कुणी म्हणेल, आमच्याकडे पण म्हणून झालं. पण ते तीनशे ज्या कामाचे होते ते काम आम्हाला नकोच होतं. गिझरच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतले नाहीत, मी देत होते तरी.

दुकानाची अजून एक गोष्ट सांगते. तिथे मी असताना एक मुलगा आला आणि १६ चा प्लग ५ च्या सॉकेटमध्ये लावायचा कन्व्हर्टर मागितला. मालकांनी विचारलं कशाला, तो म्हणाला इंडक्शनला. त्यांनी दिला नाही. पिन जाड ठेवलीये ती मुद्दाम ठेवलीये, बारीक भोकात जाऊ नये म्हणूनच, असं त्याला शांतपणे समजावलं आणि रूमवर पॉवर पॉइंट कुठे आहे ते घरमालकाला विचार म्हणाले. पन्नास-साठ रुपयाचा धंदा सोडला.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे सकाळी दहाला येतो म्हणून दुपारी आले, आणि मध्ये फोन उचलला नाही, आई खोली आवरून बसून राहिली. दुसरं म्हणजे काम झाल्यावर भिंतीच्या होलांचा चुरा आणि वायरींचे तुकडे तसेच टाकून गेले, वायरीचे तुकडे पायाला लागतात हो, म्हातारं माणूस आहे घरात. आणि पक्कं बिल मागितल्यावर मिळालं, आपणहून नाही. बिल घ्याच, आरसीसीबीच्या वॉरंटीला लागतं.

एक सूचना दुकानासाठी पण आहे, डीबीवर कुठला एमसीबी कशाचा ते त्यांनी पेनाने लिहिलंय, ते छापील स्टिकर ठेवले तर बरं, पेनाचं पुसट व्हायला लागलंय.

जाणाऱ्यांसाठी, दुपारी दोन ते साडेचार दुकान बंद असतं. फोन करताना उपकरणावर लिहिलेले वॉट, डीबीचा झाकण उघडून काढलेला फोटो ज्यात एमसीबीवरचे आकडे दिसतील असा, आणि घरात इन्व्हर्टर आहे की नाही एवढं आधीच सांगा, म्हणजे माणूस बरोबर सामान घेऊन येतो आणि एक फेरी वाचते. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगितलंय, आमच्याकडे ते आता आई आठवणीने दाबायला लावते.